सबब परत

‘घेत नाहीत, सबब परत.’ पोस्टमनच्या हातचा हा शेरा ज्यांनी कधी पाकिटाच्या पाठीवर वाचला आहे, त्यांना ऑनलाइन विक्रेत्याच्या मोबाइलवर उमटणारी ‘आरटीओ’ ही अक्षरं नवी वाटू नयेत. रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे जिथून निघालं तिथे परत. इचलकरंजीहून साड्या, कोल्हापूरहून चपला, सावंतवाडीहून लाकडी खेळणी पाठवणारी घरगुती विक्रेती मंडळी आज या अक्षरांना जेवढी धास्तावतात तेवढी स्पर्धेला धास्तावत नाहीत. न खपलेला माल निदान घरात असतो. परत येणारा माल आठ-पंधरा दिवस वाटेत अडकतो, भाडं खातो आणि पुष्कळदा चुरगळून, फाटून किंवा बदलून येतो.

हे दुखणं इंटरनेटने आणलं असं सर्रास म्हटलं जातं, पण त्याचं घराणं बरंच जुनं आहे. त्या घराण्यात मागे मागे गेलं की प्रत्येक पिढीत एकच प्रश्न भेटतो: नाकारलेल्या मालाचा भुर्दंड कुणी सोसायचा? उत्तर मात्र प्रत्येक पिढीने वेगळं दिलं आहे.

आपल्याकडचं सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे जांगड. लग्नाच्या बस्त्याला दुकानातून दहा साड्या घरी न्यायच्या, वडीलधाऱ्या बायकांना दाखवायच्या, चार ठेवून सहा परत करायच्या, आणि तोवर दुकानदाराने त्या जांगड वहीत मांडून ठेवायच्या, ही रीत कापडाच्या आणि दागिन्यांच्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालली. मोल्सवर्थने आपल्या मराठी कोशात ती नोंदवली आहे. मुंबईच्या आणि सुरतेच्या हिरेबाजारात जांगडाची चिठ्ठी आजही फिरते. १९३० च्या मालविक्री कायद्याचं चोविसावं कलम याच व्यवहाराबद्दल आहे: पसंतीवर दिलेला माल गिऱ्हाइकाने पसंत असल्याचं कळवलं, किंवा नापसंतीचा निरोप न देता मुदतीपलीकडे ठेवून घेतला, की तो त्याचा झाला.

जांगडात परत येणं हा तोटा धरलेलाच नव्हता. दुकान आणि घर यांच्यात दोन गल्ल्यांचं अंतर, माल नेणारा ओळखीचा, त्याचे वडीलही ओळखीचे. साडीला डाग पडला तर ती परत करायला लाज वाटायची आणि माणूस मुकाट्याने पैसे देऊन मोकळा व्हायचा. भुर्दंडाचा प्रश्न ओळखीच्या जोरावर सुटत होता. अंतर वाढलं आणि ओळख तुटली, तेव्हा तो खरा उभा राहिला.

अंतर टपालाने वाढवलं. कंपनी सरकारच्या काळात पार्सलं बंगी डाकेने जात, म्हणजे कावडीच्या दोन टोकांना पेट्या बांधून हरकारे ती वाहत. एवढ्या कष्टाने नेलेली वस्तू कुणी गंमत म्हणून मागवत नसे. १८५४ मध्ये देशभर एकसारखी टपाल तिकिटं आली, १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली, आणि मुंबईचा व्यापारी मुलखातल्या अनोळखी गिऱ्हाइकाला माल पाठवू शकेल अशी सोय झाली. अडचण विश्वासाची होती. गिऱ्हाईक म्हणे, आधी माल दाखवा. व्यापारी म्हणे, आधी पैसे पाठवा.

ही कोंडी १८७७ मध्ये भारतीय टपालखात्याने फोडली. व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी रुळलेली व्ही.पी., त्या वर्षी सुरू झाली. पाठवणाऱ्याने पार्सलवर वसुलीची रक्कम घालायची. दुसऱ्या टोकाच्या पोस्टाने ती रक्कम हातात पडल्याशिवाय पार्सल सोडायचं नाही, आणि वसूल झालेले पैसे मनीऑर्डरने पाठवणाऱ्याकडे रवाना करायचे. घेणारा आला नाही तर पार्सल काही दिवस, रूढ नियमाप्रमाणे सात दिवस, पोस्टात थांबवायचं आणि मग सबब परत. अमेरिकेच्या टपालखात्याने हीच सोय १९१३ मध्ये दिली आणि ब्रिटनने स्वतःच्या देशात १९२६ मध्ये. कॅश ऑन डिलिव्हरी ही परदेशातून आलेली कल्पना समजणाऱ्यांनी ही सालं जरूर लक्षात ठेवावीत.

व्ही.पी.ने मराठी वाचनसंस्कृतीवर केवढे उपकार केले हे सांगायला वेगळा लेख लागेल. ज्या गावात पुस्तकांचं दुकान नव्हतं तिथल्या शिक्षकाने एक कार्ड टाकावं आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाचं पुस्तक त्याच्या दारात यावं, हे तिने शक्य केलं. मासिकांची तर ती जीवनवाहिनी होती. वर्गणी संपली की संपादक नव्या वर्षाचा अंक व्ही.पी.ने धाडत, आणि इथेच परतीचं दुखणं सुरू होई. जुन्या मासिकांच्या फायली चाळताना त्याच काकुळतीच्या सूचना पुन्हा पुन्हा समोर येतात: वर्गणीदार राहायचं नसेल तर आधी कार्डाने कळवा, व्ही.पी. परत करून मासिकाला नुकसानीत घालू नका. टपालहशील आणि रजिस्टरचा खर्च बुडालेला, अंक मळून परत आलेला, आणि ज्यांनी नाकारला त्यांचं काहीच गेलेलं नाही. एखादं मासिक बंद पडताना संपादक जी कारणं सांगतो त्यांत कागदाची महागाई असते, जाहिरातींचा तुटवडा असतो. परत आलेल्या व्ही.पी.ही त्याच रांगेत धरायला हव्यात.

दुसऱ्या बाजूनेही फसवणूक होत होतीच. पैसे मोजल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे, त्यामुळे न मागवलेली वस्तू गळ्यात मारणं किंवा घड्याळाच्या नावाखाली भलतंच पाठवणं सोपं होतं. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याची चौतीस आणि पस्तीस ही कलमं वाचावीत, एवढी शहाणी कलमं थोड्याच कायद्यांत सापडतात. खरोखरीची मागणी आली आहे आणि ती पुरी करण्यासाठीच ही वस्तू पाठवतो आहे, असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याचा अधिकार त्यात सरकारला दिला होता. फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम अडवून घेणाऱ्याला परत देण्याचे नियम करण्याची तरतूद होती. आणि एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती: घेणाऱ्याकडून रक्कम मिळत नाही तोवर तिच्याबद्दल पोस्टाची काही जबाबदारी नाही. म्हणजे ‘रिफंड’ आणि ‘सेलर डिक्लेरेशन’ या ज्या गोष्टी आज नव्या वाटतात, त्या सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्यात होत्या. फुकट नाकारणाऱ्याला मात्र त्या कायद्यानेही काही तोशीस लावली नाही. नकाराचा भार पाठवणाऱ्यावरच राहिला.

याच सुमारास अमेरिकेत वेगळं उत्तर तयार होत होतं. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शेतकऱ्यांना टपालाने माल विकायला सुरुवात केली आणि १८७५ मध्ये हमी जाहीर केली की माल पसंत पडला नाही तर पैसे परत. न पाहिलेल्या दुकानदारावर खेड्यातल्या माणसाने विश्वास का ठेवावा, याला त्याचं हे उत्तर होतं. त्याचा प्रतिस्पर्धी रिचर्ड सीअर्स तर नाकारलेल्या पार्सलातूनच उभा राहिला. १८८६ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या रेडवुड फॉल्सच्या एका जवाहिऱ्याने शिकागोहून आलेली घड्याळांची पेटी घ्यायला नकार दिला. जवळच्या नॉर्थ रेडवुड स्टेशनवर एजंट असलेल्या सीअर्सने ती घेतली आणि रेल्वेमार्गावरच्या इतर एजंटांना घड्याळं विकून टाकली. पुढे दुरुस्तीसाठी घड्याळजी लागला म्हणून त्याने जाहिरात दिली, अल्वा रोबक आला, आणि सीअर्स, रोबक ही जगातली एक अवाढव्य टपालविक्री कंपनी झाली.

वॉर्डची हमी उदार होती, पण ती परवडत होती कशामुळे, हे पाहायला हवं. हजारो विक्रींमागे थोडा माल परत येणार हे धरून त्याचा खर्च सगळ्या मालाच्या किमतीत वाटून टाकता येत होता. दिवसाला पाचशे नग पाठवणाऱ्याला ते जमतं. पाच पाठवणाऱ्याच्या पाचांतले दोन परत आले तर त्याच्याकडे वाटून टाकायला काही उरत नाही. परतीच्या उदार धोरणाची चाल मोठ्यांनी पाडली आणि तिच्यामागे फरफटत जाणं लहानांच्या नशिबी आलं, हे तेव्हाही खरं होतं.

चुकीच्या पत्त्यामुळे परत येणाऱ्या पार्सलांवर आपल्याकडे एक मोलाचा इलाज झाला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला आणि त्यामागे डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याचं, जे संस्कृतचे नामांकित लेखकही होते. आज प्रत्येक कुरिअर कंपनीचं यंत्र माल वाटून लावतं ते त्या सहा अंकांवर.

मग २०१० साल. फ्लिपकार्टने दारात पैसे घेण्याची सोय सुरू केली. क्रेडिट कार्डं मोजक्या लोकांकडे होती आणि न पाहिलेल्या मालासाठी आधी पैसे देण्याची तयारी त्याहून कमी लोकांची. ही व्ही.पी.चीच पुढची पिढी, पण दोन गोष्टींत ती वेगळी निघाली. व्ही.पी. मागवायला कार्ड लिहावं लागे, नाव-पत्ता घालून पेटीत टाकावं लागे. तेवढ्या वेळात माणूस विचार करे. आता बोट टेकवलं की मागणी झाली. दुसरा फरक अधिक मोठा आहे. पोस्ट हा निव्वळ वाहणारा होता. आजचा मध्यस्थ वाहतोही आणि सगळं पाहतोही: कोणत्या पिनकोडवरून किती माल परत येतो, कोणता फोन नंबर वारंवार दार उघडत नाही. ही माहिती ज्याचा माल जातो त्या विक्रेत्यापर्यंत फारशी पोचत नाही.

विक्रेत्याच्या टेबलावर परतीचं पार्सल पडलं की काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. ते आरटीओ आहे, म्हणजे दारातूनच फिरलेलं आहे, की कस्टमर रिटर्न, म्हणजे उघडून, वापरून पाहून आलेलं, हे आधी लेबलवरून कळतं. जाणकार विक्रेते पार्सलला हात लावण्याआधी मोबाइल स्टँडला लावतात. लेबल आणि एअरवे बिलाचा नंबर कॅमेऱ्यासमोर धरायचा, सहाही बाजू दाखवायच्या, वजन करायचं आणि एकसलग व्हिडिओत खोका उघडायचा. मध्ये तोडलेला व्हिडिओ क्लेमला चालत नाही. नवी पैठणी गेली आणि आतून जुनी वापरलेली साडी आली तर हा व्हिडिओ हाच एकमेव साक्षीदार. क्लेमची मुदत मोजक्या दिवसांची असते, ती टळली की विषय संपला. मग माल पुन्हा विकण्याजोगा आहे, धुऊन-इस्त्री करून चालेल, की टाकूनच द्यायचा, हे ठरवायचं. मसाला किंवा लोणचं असेल तर प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन आलेलं खाणं पुन्हा विकणं प्रामाणिक माणसाला शक्य नाही. त्यानंतर स्टॉकची नोंद, जीएसटीसाठी क्रेडिट नोट, आणि हिशेब. जी बाई इन्स्टाग्रामवर किंवा स्वतःच्या साइटवर विकते, तिला नाकारलेल्या पार्सलाचं जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन्ही भाडी कुरिअर कंपनी सर्वसाधारणपणे लावते. दोनशे रुपयांच्या वस्तूत एवढं भाडं गेलं की पुढच्या विक्रीतला नफा ते भरून काढण्यातच जातो.

कायद्याने गिऱ्हाइकाची बाजू नीट सांभाळली आहे आणि ते योग्यच झालं. सदोष किंवा बनावट माल, वर्णनाशी न जुळणारा, किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोचलेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार द्यायचा नाही, असं जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. परतीच्या वाहतुकीचा खर्च कसा हेही गिऱ्हाइकाला स्पष्ट दाखवायला लावतात. १९३० चा कायदा तर याहून पुढे आहे: हक्काने नाकारलेला माल विक्रेत्याकडे पोचवण्याची जबाबदारीही गिऱ्हाइकावर नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरे. यातलं काहीही कमी होऊ नये. ज्याला खराब माल मिळाला त्याने तो जरूर परत करावा, हक्काने करावा.

पण मालात काही खोट नसताना, मन बदललं म्हणून, तीच वस्तू दुसरीकडे दहा रुपये स्वस्त दिसली म्हणून, किंवा पार्सल आलं तेव्हा फोन उचलायचा कंटाळा आला म्हणून जे परत जातं, त्याचा खर्च या नियमांत कुणाच्याच नावावर घातलेला नाही. तो खाली खाली घरंगळत सगळ्यात लहान विक्रेत्यापाशी येऊन थांबतो. १८९८ चा तो जुना कायदा १८ जून २०२४ रोजी रद्द झाला आणि ‘खरोखरीची मागणी’ हे शब्द असलेलं कलम त्यासोबत गेलं. ते पाठवणाऱ्याला लागू होतं. माझ्या मते आज तशाच वचनाची गरज मागवणाऱ्याकडून आहे, आणि ते घ्यायचा रास्त मार्ग म्हणजे दारात पैसे देण्याच्या मागणीवर जाण्यायेण्याच्या भाड्याइतकी आगाऊ रक्कम. मालात खोट निघाली तर ती पूर्ण परत मिळावी, विनाकारण नाकारला तर ती विक्रेत्याला मिळावी. बरेच छोटे विक्रेते असा आगाऊ पैसा आता मागू लागले आहेत. तो मागितला की तुमच्यावर अविश्वास दाखवला असं समजू नका.

आणि नियम बदलेपर्यंत एवढं तरी करता येईल. वस्तू नको असेल तर ती निघायच्या आधी ऑर्डर रद्द करा. निघाली असेल तर कुरिअरवाल्याचा फोन उचला. परत करायचीच असेल तर टॅग न काढता, मूळ खोक्यात, खरं कारण लिहून करा.