संतांच्या सणीं संतांच्या कबरीपाशीं

रोमन कायद्याप्रमाणें प्रेताला शहराच्या तटाआंत जागा नसे. थडगीं असत तीं वेशीबाहेर, राजरस्त्यांच्या दुतर्फा. मृताच्या जन्मदिवशीं नातलगांनीं तेथें जावें, थडग्यावर द्राक्षारस ओतावा, चार घांस खावे व परत यावें, अशी रूढि होती. आद्य ख्रिस्ती जनांनीं ही चाल सर्वस्वीं टाकली नाहीं. दिवस मात्र बदलला. त्यांच्या लेखीं हुतात्म्याचा खरा जन्म त्याच्या मरणाच्या दिवशीं होई, आणि त्याचे नातलग म्हणजे सारी ख्रिस्तसभा.

इ. स. १५५ च्या सुमारास स्मर्ना नगरीचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांस जाळण्यांत आलें. त्याविषयीं तेथील ख्रिस्तसभेनें लिहिलेलें पत्र आजहि उपलब्ध आहे. वेंचलेल्या अस्थि त्या लोकांस रत्नांहून मोलाच्या वाटल्या. त्या योग्य स्थळीं ठेवून दरवर्षीं त्याच दिवशीं तेथें आनंदानें जमण्याचा मनोदय त्यांनीं पत्रांत कळविला आहे.

हें जमणें कित्येकदां जिवावर बेतत असे. २५७ सालीं बादशहा वॅलेरियन यानें ख्रिस्ती लोकांस दफनभूमींत शिरण्याची मनाई केली. पुढच्याच वर्षीं, ६ ऑगस्ट रोजीं, पोप दुसरे सिक्स्तुस हे रोमच्या दफनभूमींतच सांपडले व चार डीकनांसह मारले गेले. बादशहाला कबरींची वाट अडवावीशी वाटली, यावरून त्या वाटेचें बळ ध्यानांत यावें.

३१३ सालीं छळ थांबला आणि भीतीच्या जागीं गर्दी आली. ३५४ सालच्या एका रोमन पंचांगांत हुतात्म्यांची यादी आहे; तींत तारखेपुढें नांव व कोणत्या रस्त्यावरील दफनभूमींत जावयाचें हें दिलें आहे. पोप दमासुस (३६६–३८४) यांनीं भुयारी थडगीं शोधून काढलीं व त्यांवर स्वतः रचलेले श्लोक कोरविले. संत जेरोम विद्यार्थी असतां रविवारीं सोबत्यांसह ह्या भुयारांत उतरत. तेथील काळोखाचें वर्णन त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे.

परंतु गर्दीबरोबर बाटलीहि आली. कबरीपाशीं जेवणावळी होऊं लागल्या आणि कित्येकांस संताचें नांव म्हणजे पिण्याचें निमित्त झालें. येथें संत मोनिकेची हकीकत आठवते. आफ्रिकेंतील आपल्या चालीप्रमाणें ही बाई मिलान शहरीं लापशी, भाकरी व द्राक्षारस घेऊन हुतात्म्यांच्या स्मरणस्थानीं गेली. द्वारपालानें तिला अडविलें. बिशपांची, संत आंब्रोज यांची, मनाई होती. तिचा स्वतःचा पेला लहानसा, त्यांतील द्राक्षारस पाणी घातलेला, आणि तोच ती प्रत्येक कबरीपाशीं घोटभर घेई. तिच्याकडे बोट दाखविण्यासारखें कांहींच नव्हतें. तरीहि ती निमूटपणें परतली. पुढें त्या स्थानीं ती नुसती प्रार्थना घेऊन जाई, व जें देववे तें गरिबांस देई. तिचा पुत्र संत आगस्तीन प्रांजळपणें सांगतो कीं, मनाई आंब्रोजखेरीज दुसऱ्या कोणाची असती, तर आई इतक्या सहज वळली नसती! तोच पुत्र ३९५ सालीं हिप्पो येथें धर्मगुरू असतां संत लेओन्तियुस यांच्या सणाची पंगत बंद करावयास उभा राहिला. लोक कुरकुरले, त्यांच्या वाडवडिलांनीं हेंच केलें होतें. आगस्तीननें उपदेश करून त्यांचें मन वळविलें, आणि लोक मंदिरांत वाचन व स्तोत्रगान ऐकत राहिले. सण राहिला, पंगत गेली.

हीच कबरीची ओढ आपल्या किनाऱ्यालाहि लागली आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ सालीं चीनच्या दारांतील एका बेटावर वारले. १५५४ सालीं त्यांचा देह गोव्यास आला. ३ डिसेंबरच्या सणास जुन्या गोव्यांतील बॉम जेजूस मंदिरांत दूरदूरचे यात्रेकरू लोटतात, कित्येक तर पायीं. २०२४ च्या नोव्हेंबरांत सुरू झालेलें पवित्र अवशेषांचें दर्शन ५ जानेवारी २०२५ पर्यंत चाललें.

वसईची गोष्ट उलट आहे. संत गोन्सालो गार्सिया जन्मले वसईस. पण ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं त्यांस क्रूसावर चढविण्यांत आलें तें जपानांत, नागासाकीस. १८६२ सालीं ते संतपदास चढले. त्यांच्या गांवकऱ्यांस मेण लावावयास वसईंत त्यांची कबर नाहीं. म्हणून तेथें सणाच्या दिवशीं लोक जमतात ते संताच्या जन्मभूमींत.