गॅस लायटर ‘खट्’ वाजतो तेव्हा आत नेमकं काय घडतं?

श्रीगोंद्यातलं कुठलंही स्वयंपाकघर घ्या. सकाळचा चहा ठेवताना लायटरचा ‘खट्’ ऐकू येतोच. त्यात सेल नाही, चार्जिंग नाही. मग ठिणगी येते कुठून?

लायटरच्या पोटात चिनी मातीच्या तुकड्यासारखा दिसणारा छोटा खडा असतो. तो शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगाचा असतो. अशा पदार्थावर दाब आला की त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज तयार होतं. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये हे क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवून दिलं (हो, पिएर म्हणजे मेरी क्युरींचे पती). याला पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात.

पण नुसत्या अंगठ्याचा जोर पुरत नाही. म्हणून बटण दाबलं की आधी आतली स्प्रिंग दबते, मग अडकण सुटते आणि छोटी हातोडी खड्यावर आदळते. सावकाश साठवलेली ऊर्जा क्षणात मोकळी होते, बल कितीतरी पटींनी वाढतं. व्होल्टेज हजारोंत जातं आणि ठिणगी उडते.

आता ही टक्कर गणितात कशी मांडायची? इंजिनिअर दोन रस्ते वापरतात. पहिला ‘नॉन-स्मूथ’: टक्करीला वेळच लागला नाही असं धरायचं, वेग एका झटक्यात बदलला म्हणायचं. १ मीटरवरून सोडलेला चेंडू ६४ सेंटिमीटर उसळला, तर तो आदळण्याआधीच्या वेगाच्या ०.८ पट वेगाने परतला. एवढा एक आकडा पुरतो. दुसरा रस्ता ‘स्मूथ’: वस्तू टेकतात, किंचित दबतात, पुन्हा सुटतात आणि वेग सलग बदलत जातो. हाइनरिख हर्ट्झ यांचं १८८२ चं काम इथे कामी येतं.

कॅरमची सोंगटी कुठे जाईल हे सांगायला पहिला रस्ता बास. लायटरला तो चालत नाही! कारण व्होल्टेज त्या त्या क्षणीच्या बलावर ठरतं, आणि वेळच शून्य धरला तर ते बल मिळणार कसं?

हाच खडा उलटाही चालतो. व्होल्टेज दिलं की तो लांबतो. त्याच्या चकत्यांची १ सेंटिमीटर उंच चळत जेमतेम १० मायक्रोमीटर वाढते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण जोर प्रचंड आणि वेग जबरदस्त. अशा चळतीला पिझो ॲक्च्युएटर म्हणतात. काही डिझेल गाड्यांच्या इंजेक्टरमध्ये इंधन सोडायचं काम तोच करतो. इथे मात्र टक्कर शत्रू. हे सिरॅमिक दाब सोसतं, ताण नाही. झटक्यात मागे येताना फट पडली आणि भाग पुन्हा आदळले, तर त्याला तडा जाऊ शकतो. म्हणून चळत आधीच स्प्रिंगने आवळून ठेवतात.

आणि पावसाळ्यात तुमचा लायटर ‘खट्’ करतो पण पेटत नाही? बरेचदा टोकाला ओल असते, वीज ठिणगी न पडता तिथूनच निसटते. कोरड्या फडक्याने पुसून बघा. मात्र नॉब चालू ठेवून खटखट करत राहू नका. दोन प्रयत्नांत पेटला नाही तर नॉब बंद करा, खिडकी उघडा, साचलेला गॅस जाऊ द्या.