शिष्यवृत्ती आणि उधारी

अकोल्यातील आमच्या खाणावळीच्या मालकाजवळ एक लांबट लाल वही असे. त्यात प्रत्येक पोराचे नाव, गाव आणि जेवणाचे खाडे लिहिलेले असत. काही नावांपुढे तो जाड पेन्सिलीने 'जी. ओ. आय.' अशी खूण करी. भारत सरकारची शिष्यवृत्ती घेणारा पोरगा, याचे पैसे शिष्यवृत्ती आल्यावर मिळणार, असा त्याचा अर्थ. साल १९७७-७८. शिष्यवृत्ती जुलैपासूनची असे, पण हाती पडे ती होळी उलटल्यावर, कधी परीक्षा संपल्यावर. दरमहा रोख देणाऱ्याला जेवणाचा दर एक आणि खूणवाल्याला दुसरा, चार रुपये जास्त. मालकाचा मला राग नाही. त्यालाही किराणा उधारीवरच आणावा लागे. पण ज्या पैशाने आम्हाला कर्जाशिवाय शिकायचे होते, त्याच पैशाची वाट पाहताना आम्ही व्याज भरत होतो, ही गोष्ट मला त्या वयातही कळत होती.

वर्गात मात्र आम्हाला नाव होते 'सरकारचे जावई'. हे नाव ठेवणाऱ्यांना या पैशाचा इतिहास ठाऊक नव्हता. दुःख याचे, की ज्यांना ते नाव ठेवले जाई त्यांनाही तो ठाऊक नव्हता. आज तरी तो आपल्या विद्यार्थ्यांना किती ठाऊक आहे?

हा इतिहास एका करारापासून सुरू करावा लागतो. १९१३ साली बडोदा संस्थानने बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे लिहून घेतले. सयाजीरावांच्या उदारतेबद्दल शंका नाही. पण १९१७ साली बाबासाहेब नोकरीवर हजर झाले तेव्हा बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले, आणि नोकरी सुटली. ज्या समाजाने खोली दिली नाही त्याला कुणी जाब विचारला नाही. करार मोडल्याचा ठपका मात्र बाबासाहेबांवर आला आणि पैसे परत करण्याचा तगादा पुढे कित्येक वर्षे त्यांच्यामागे राहिला. पुढचे लंडनचे शिक्षण त्यांनी स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले उसने पैसे यांवर पुरे केले. शिष्यवृत्तीचे कर्ज कसे होते, हे या माणसाने स्वतः भोगले होते.

वऱ्हाडात त्या काळी उच्च शिक्षणाचा मार्ग गहाणखतातून जात असे. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांना विलायतेला पाठवण्यासाठी त्यांच्या वडिलांनी शेती गहाण टाकून पैसा उभा केला, असे सांगतात. भाऊसाहेब परत आले, त्यांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले व त्यात अस्पृश्य मुलांनाही घेतले, १९२७च्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहाच्या वेळी ते अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले, १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण कुणब्याच्या पोराजवळ निदान गहाण टाकायला शेत होते. जिनात सरकी वाहणाऱ्या नाहीतर गावची महारकी करणाऱ्या बापाने काय गहाण टाकायचे? अमरावतीला १९२३पासून किंग एडवर्ड कॉलेज होते. आमच्या लोकांसाठी ती इमारत रस्त्यावरून दिसत होती, एवढेच.

गाडगेबाबा याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. कर्ज काढू नका, ताट मोडा पण पोराला शिकवा, असे ते कीर्तनातून सांगत फिरले. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, तीही वसतिगृहासाठी. परंतु ज्याच्या घरी ताटच जर्मनचे आहे त्याने ते मोडून कॉलेजची एका सत्राची फी तरी निघेल काय? ते काम सरकारच्या तिजोरीचे होते.

त्या तिजोरीवर हक्क सांगितला गेला तो १९४२ साली. जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच वेळी २० जुलैला जी महिला परिषद झाली तिच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढा, ही मागणी त्या परिषदेने केली. आपल्या इतिहासलेखनात या बाईंना दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, हे आपल्याला भूषणावह नाही.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातील शिक्षणाचा युक्तिवाद साधा आहे. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये देते. मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी तीन लाख का नकोत? त्यांनी शास्त्रीय व तांत्रिक शिक्षण मागितले, परदेशी शिक्षणही मागितले. कारकून तयार करण्यासाठी ते पैसे मागत नव्हते. १९४४ साली योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी शिष्यवृत्त्या शंभराच्या थोड्या वर होत्या, त्याही साऱ्या देशात! त्यात नोकरीचा करार नव्हता, परतफेड नव्हती. बडोद्याच्या करारातील काटा बाबासाहेबांनी आपल्या पोरांसाठी काढून टाकला होता.

पुढे आदिवासी विद्यार्थी योजनेत आले, संख्या वाढली, आणि १९५९च्या सुमारास शिष्यवृत्ती वाटण्याचे काम दिल्लीकडून राज्यांकडे आले. नेमक्या त्याच काळात आमच्या माणसांपुढे दुसरेच संकट उभे राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. अकोला-अमरावतीची खेडीच्या खेडी तिकडे लोटली होती. परत आल्यावर कळले, की १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागतो. जो बौद्ध झाला त्याची सवलत गेली. फॉर्मवर 'बौद्ध' लिहावे तर फी भरा, 'हिंदू महार' लिहावे तर बाबासाहेबांना दिलेला शब्द मोडला! माझ्या वडिलांच्या पिढीतील किती तरी जणांनी या एका रकान्यापाशी शिक्षण सोडले आणि किती तरी जणांनी खाली मान घालून जुनी जात लिहिली. दोघांपैकी कुणालाही आज हसू नये. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राला त्यासाठी १९९० साल उजाडावे लागले.

राज्याने बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असणाऱ्या सर्व जातींच्या मुलांनाही फी माफ केली होती. ई. बी. सी.ची सवलत ती हीच. माझ्या वर्गातील निम्मी पोरे तिच्यावर शिकत होती. त्यांना कुणी जावई म्हणत नसे.

१९८३ साली दोन गोष्टी झाल्या. अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले, त्याला पुढे गाडगेबाबांचे नाव मिळाले. आणि वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली. दुसऱ्या गोष्टीने शिष्यवृत्तीचे रूपच पालटले. पूर्वी तिचा मोठा भाग पोराच्या पोटात जाई. आता तो संस्थेच्या फीत जाऊ लागला. सरकारकडून फी येईपर्यंत संस्था पोराचा दाखला आणि गुणपत्रिका अडवून ठेवू लागल्या. सरकारचे देणे सरकारकडे न मागता ते पोराकडे मागायचे, ही रीत तेव्हापासून रुळली.

पैसा उशिरा का येतो, याचे एक कारण योजनेच्या बांधणीतच होते. पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी जेवढा खर्च झाला तेवढ्याचा बोजा पुढे राज्याने उचलायचा, त्यावरचा तेवढा केंद्राने द्यायचा, असा जुना नियम. म्हणजे जितके विद्यार्थी वाढतील तितका पुढच्या खेपेला राज्यावरचा भार वाढणार. राज्य दिल्लीकडे बोट दाखवी, दिल्ली राज्याकडे. डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने हा नियम बदलून साठ टक्के स्वतः आणि चाळीस टक्के राज्य अशी वाटणी ठरवली आणि पाच वर्षांसाठी एकूण एकोणसाठ हजार कोटींची योजना मंजूर केली. २०१८पासून महाराष्ट्रात अर्ज 'महाडीबीटी'वर भरावे लागतात, पैसा थेट खात्यात येतो. मधले हात कमी झाले हे चांगलेच. पण आधार जुळले नाही, बँकेने खाते गोठवले, उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या वर दोन हजारांनी गेला, की दाद मागायला समोर माणूसच नसतो. पूर्वी समाजकल्याणच्या कारकुनाशी निदान भांडता येत असे.

आणि मधल्या काळात पोराने काय खायचे? २०१६च्या जानेवारीत हैदराबादेत रोहित वेमुलाने जीव दिला. त्याच्या शेवटच्या पत्रात एक हिशेबही आहे: सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, येणे, आणि एका मित्राचे चाळीस हजारांच्या आसपास देणे. त्या पत्रावर आपण पुष्कळ लिहिले, बोललो. या दोन आकड्यांवर फारसे कुणी बोलले नाही. येणे सरकारकडून होते, देणे मित्राचे होते. आमच्या लाल वहीत हेच दोन रकाने होते.

आता उपाय म्हणून शैक्षणिक कर्ज पुढे केले जाते. २०२४ साली केंद्राने त्यासाठी विद्यालक्ष्मी योजना आणली. त्याच वर्षी राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या इतर मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ केली. म्हणजे तिजोरीत पैसा नसतो, असे नाही. मी या फीमाफीच्या बाजूचा आहे. माझा प्रश्न एवढाच, की शिष्यवृत्तीची थकबाकी हे सरकारवरचे कर्ज आहे असे लेखी कबूल करून तिच्यावर व्याज देण्याची मागणी आपल्या एकाही संघटनेच्या मागणीपत्रात का नाही? दर वर्षी 'शिष्यवृत्ती लवकर द्या' म्हणून आपण निवेदने देतो. लवकर म्हणजे कोणत्या तारखेला, हे त्यात नसते.

गेल्या दिवाळीत दर्यापूर तालुक्यातील एक मुलगी माझ्याकडे आली. अमरावतीला शिकते. वसतिगृहात नंबर लागला नाही, 'स्वाधार'चा अर्ज केला आहे, पैसे आलेले नाहीत. खोलीभाडे आणि मेस मिळून चार महिन्यांचे थकले होते. मेसवाली बाई वही ठेवत नाही, मोबाइलवर हिशेब पाठवते. मुलीने तो मला दाखवला. तिच्या नावापुढे कंसात लिहिले होते: 'स्कॉलरशिप आल्यावर'.