उंदराच्या आतड्यातली वस्ती

महाड-पोलादपूरकडे भातकापणी झाली की बांधावर ताजी उकरलेली माती दिसते. हे काम छोट्या घुशीचे. तिच्या बिळात लोंब्यांचा साठा असतो आणि कातकरी मंडळी बीळ खणून तो बाहेर काढतात. घरात कणगीच्या आसपास काळ्या उंदराचे राज्य. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या एका रानउंदराला मार्टिन हिंटन यांनी १९१८ साली 'सटारी' हे नाव दिले. त्यांनी तो घरउंदराचा उपप्रकार मानला होता. स्वतंत्र जात म्हणून त्याला मान्यता मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

शेत, घर आणि रान. उंदराचे घर बदलले की जेवण बदलते, आणि जेवणाबरोबर आतड्यातले जंतही बदलतात. असे का, हे कळायला बराच काळ गेला.

उंदराच्या आतड्यातल्या 'हायमेनोलेपिस डिमिन्यूटा' या पट्टकृमीचे वर्णन रुडोल्फी यांनी १८१९ मध्ये केले. परंतु एका उंदराच्या पोटातून तो दुसऱ्याच्या पोटात कसा जातो, हे कोडेच होते. विष्ठेतून पडलेली अंडी दुसऱ्या उंदराने खाल्ली तरी कृमी वाढत नाही. मधला दुवा १८९२ मध्ये इटलीतल्या ग्रासी आणि रोव्हेली यांनी दाखवला : तो होता कीटक. पिठातला पतंग, भुंगेरे असे कीटक ती अंडी खातात, त्यांच्या शरीरात कृमीची बाल्यावस्था तयार होते आणि असा कीटक उंदराने खाल्ला की चक्र पूर्ण होते. ग्रासींचे सहकारी कालांद्रुच्चो यांनी तर उंदराच्या काटेरी डोक्याच्या कृमीची बाल्यावस्था स्वतःच गिळून पाहिली. पोट चांगलेच दुखले, पण पुरावा मिळाला. (हा प्रयोग वर्गात फक्त सांगावा!)

पुढची गोष्ट आपल्याकडची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिमाँ यांनी कराचीत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवले, पण फार कोणी मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग आयोगाने पिंजऱ्यांचे प्रयोग करून पिसवेचा दोष सिद्ध केला. १९११ मध्ये निकोल आणि मिंचिन यांना लंडनमध्ये उंदराच्या पिसवेत पट्टकृमीची बाल्यावस्थाही सापडली. पण पिसू तर रक्त पिते. तिच्या सोंडेतून कृमीचे अंडे आत जाणार कसे? उत्तर बिळातल्या धुळीत आहे. पिसवेची अळी रक्त शोषत नाही, ती धुळीतला केरकचरा चावून खाते आणि त्याबरोबर अंडीही. अळीची पिसू झाली तरी पाहुणा आतच राहतो. अंग चाटताना उंदीर ती पिसू गिळतो. एकच पिसू माणसाला प्लेग देते आणि उंदराला जंत!

म्हणून उंदराचे आतडे तपासणे म्हणजे एका अर्थी त्याचा आहार तपासणे. कोणते किडे त्याच्या तोंडी लागतात, हे जंतांवरून कळते.

याचा शाळेशी संबंध आहे. हाच पट्टकृमी कधीकधी माणसात, बहुतेक वेळा मुलांत सापडतो. त्याचा अर्थ मूल अस्वच्छ आहे असा लावण्याची घाई होते, ती आम्हाला चुकीची वाटते. त्याचा अर्थ एवढाच की किडका दाणा किंवा पीठ कच्चे पोटात गेले. शिजलेल्या भातातून तो येत नाही. तेव्हा मुलाला बोल लावण्याआधी घरातली कणगी आणि शाळेतली धान्याची पोती पाहावीत. आणखी एक : २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे. या पट्टकृमीसाठी डॉक्टर सहसा प्राझिक्वान्टेल देतात. म्हणून गोळी घेऊनही मुलाच्या तक्रारी राहिल्या, तर शौचाची तपासणी करून घ्यायला पालकांना सांगावे.