स्वयं-अंशशोधक रासायनिक संवेदक

स्वयं-अंशशोधक रासायनिक संवेदक म्हणजे एखाद्या रासायनिक घटकाचे प्रमाण मोजणारा आणि आपल्या मापनातील चूक मानवी हस्तक्षेपाविना वेळोवेळी दुरुस्त करणारा संवेदक होय. अंगावर वागवायची आरोग्य-उपकरणे, हवा व पाण्याच्या गुणवत्तेची देखरेख आणि शेती या क्षेत्रांत अशा संवेदकांना महत्त्व आहे.

गरज

ज्ञात प्रमाणाच्या नमुन्याशी ताडून उपकरणाचे वाचन दुरुस्त करण्याच्या क्रियेस अंशशोधन म्हणतात. संवेदकाचा पृष्ठभाग कालांतराने झिजतो, त्यावर पुटे चढतात आणि वाचन हळूहळू ढळते. उपकरण बंद पडल्यास ते लगेच कळते. ढळलेले वाचन मात्र खरेच वाटते.

तापमानाचाही परिणाम होतो. पीएच इलेक्ट्रोडकडून प्रत्येक एककामागे मिळणारा सैद्धांतिक विद्युत्‌दाब २५° से. तापमानास ५९.२ मिलिव्होल्ट, तर ४५° से. तापमानास ६३.१ मिलिव्होल्ट असतो. पीएच ७ पासून वाचन जितके दूर, तितकी ही चूक मोठी होते. जळगाव, भुसावळ व धुळे या खानदेशी भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे तेथे ठिबक सिंचनातून खते देताना पाण्याचा पीएच मोजणाऱ्या उपकरणांत तापमान-दुरुस्ती आवश्यक ठरते.

पद्धती

* अंतर्गत संदर्भ: उपकरणात साठवलेले ज्ञात प्रमाणाचे द्रावण किंवा वायू ठरावीक काळाने संवेदकापर्यंत पोहोचवून वाचन ताडले जाते.
* पूरक संवेदक: कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली येथील संशोधकांनी २०१६ साली घामातील ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम व पोटॅशियम मोजणारा पट्टा सादर केला. त्यात त्वचेचे तापमानही मोजून वाचने दुरुस्त केली जात.
* गृहीत आधाररेषा: कार्बन डायऑक्साइडचे अनेक संवेदक काही दिवसांतील नीचतम वाचन बाहेरील मोकळ्या हवेचे, म्हणजे सुमारे ४०० पीपीएम, असे गृहीत धरतात.

कारखान्यातच अंशशोधन झालेली ग्लुकोज-मापन उपकरणे या प्रकारात मोडत नाहीत. वापरकर्त्यास अंशशोधन करावे लागत नसले, तरी ती स्वतःची चूक शोधत नाहीत.

मर्यादा

स्वयं-अंशशोधन त्यामागील गृहीतकाइतकेच विश्वसनीय असते. केळी पिकवण्याच्या बंद शीतकक्षात फळांच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो. तो सुमारे १ टक्क्यापेक्षा वाढल्यास इथिलीनचा परिणाम मंदावतो व फळे नीट पिकत नाहीत. अशा कक्षातील हवा मोकळ्या हवेच्या पातळीवर कधीच आली नाही, तर गृहीत आधाररेषेवर चालणारा संवेदक साचलेल्या वायूलाच ४०० पीपीएम समजतो आणि प्रत्यक्षाहून कमी प्रमाण दाखवतो. अशा ठिकाणी ही सोय बंद ठेवून ज्ञात प्रमाणाच्या वायूने अंशशोधन करावे लागते.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत जळगावचा समावेश आहे. शहरी हवेच्या देखरेखीसाठी स्वस्त संवेदक वापरतानाही त्यांची वाचने अधूनमधून प्रमाणित मापन केंद्राच्या वाचनांशी ताडून पाहणे आवश्यक असते.