गाडीची चकाकी आणि आपले सातवे व्रत



चातुर्मासात गाडी कमी बाहेर काढायची, हे आपल्यातल्या बऱ्याच घरी पाळले जाते. पण गाडी उभी राहिली तरी झाडाचा चीक पडतो, पक्षी बसतात, पावसाचे डाग सुकून पत्र्यावर तसेच राहतात. मग धुणे आले, पुसणे आले, नंतर मेण लावणे आले. बाजारातून आणलेल्या त्या मेणाच्या डबीत नेमके काय असते? आपण बिस्किटाचा पुडा उलटून पाहतो, चॉकलेट वाचून घेतो. गाडीच्या डबीकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक आठवा. त्याने मर्यादा केली ती अगदी रोजच्या वस्तूंची. प्रवासाला पाचशे गाडे, माल वाहायला पाचशे गाडे, स्नानाला आठ घडे पाणी आणि अंग टिपायला एकच प्रकारचे सुगंधी वस्त्र. वाहन, पाणी आणि पुसायचे फडके! पाचशे गाड्यांचा आकडा ऐकून हसू येते खरे, पण पाण्याचे घडे त्याने मोजले होते. पाइप लावून गाडी धुणाऱ्या आपल्यापैकी किती जणी मोजतात?

याच व्रतात पंधरा कर्मादाने येतात. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्यांचा खुलासा केला आहे. दंतवाणिज्यात दातांबरोबर केस, नखे, हाडे आणि कातडीही धरली आहे. रसवाणिज्यात लोणी, चरबी, मध. लाक्षावाणिज्य म्हणजे लाखेचा व्यापार. लाख हा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा स्राव. तो फांद्यांवरून खरवडून काढताना असंख्य जीव जातात. कातडी, चरबी, मधमाशीचे मेण, लाख. गाडीच्या निगेचा जुना इतिहास वाचायला बसले तर हीच नावे पुन्हा पुन्हा भेटली.

पहिल्या मोटारी म्हणजे घोड्याविना चालणाऱ्या बग्ग्याच. त्यांना रंगही बग्गीसारखाच द्यायचे. जवसाच्या तेलातला रंग आणि वर व्हार्निश, ब्रशने एकावर एक थर. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचे, मग घासायचे, मग पुढचा. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डने १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात दिली. तो काळा रंग डांबरासारख्या खनिजापासून केलेला होता, आणि तो भट्टीत पटकन वाळे.

मग १९२३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉंट कंपनीने ड्युको नावाचा रंग काढला. १९२४ च्या ओकलंड गाड्या त्याच्या निळ्या छटेत रस्त्यावर आल्या. हा रंग काही तासांत वाळायचा. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे माझे लक्ष आधी हिशेबाकडे गेले. वाळत पडलेली प्रत्येक गाडी म्हणजे अडकलेले भांडवल आणि गुंतलेली जागा. ते सगळे एका रंगाने मोकळे केले. आपल्याकडे आजही सुतार कपाटाला ‘ड्युको’ करू का विचारतो, तो हाच शब्द. ड्युकोसारख्या रंगाला इंग्रजीत लॅकर म्हणतात, आणि लॅकर हा शब्द आपल्या लाखेपासूनच फिरत फिरत तिकडे गेला. गंमत अशी की ड्युकोत लाख नव्हती. तो होता नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसावर आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. बंदुकीची दारूही त्याच कुळातली. किडे वाचले, पण दयेपोटी नव्हे, वेळ वाचवण्यासाठी.

ड्युकोला झळाळी यायची ती घासून. उन्हात तो फिका पडे, मग पॉलिश आणि मेण आले. शिकागोत १९१० पासून सायमनाइझ नावाचे मेण विकले जात होते. ते इतके चालले की गाडीला मेण लावणे या क्रियेलाच ते नाव पडले. १९४० च्या दशकात त्याच शहरात बेन हर्श यांनी एक पॉलिश सुरू केले, तेच पुढे टर्टल वॅक्स झाले. नाव ऐकून दचकू नका, त्यात कासव नाही.

या मेणांत सर्वांत मानाचे ते कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात, सेआरा आणि पियाउई प्रांतांत, एक ताडाच्या जातीचे झाड होते. तिथे उन्हाळा कोरडा, म्हणून पानातले पाणी उडू नये यासाठी पानांवर मेणाचा थर येतो. पाने कापून वाळवतात, झोडपतात, आणि झडलेली पूड वितळवतात. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, कार्नोबा ८० च्या पुढे. उन्हात तापलेल्या बॉनेटवर म्हणूनच ते टिकते.

पण इथे एक मेख आहे. कार्नोबा दगडासारखे कडक असते. नुसते फासता येत नाही. म्हणून द्रावकात विरघळवून दुसरी मऊ मेणे मिसळतात, आणि त्यांत मधमाशीचे मेण असू शकते. डबीवर मोठ्या अक्षरांत कार्नोबा लिहिलेले असले म्हणजे आत तेवढेच आहे असे नाही. खाण्याच्या वस्तूंवर निदान क्रमांक असतात, ९०१ मधमाशीचे मेण, ९०३ कार्नोबा, ९०४ लाख. तिथेही हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, कारण आपल्या नियमांत मध, मधमाशीचे मेण आणि लाख यांना मांसाहारी घटकांतून वगळले आहे. पॉलिशच्या डबीवर तर ठिपकाच नसतो. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून सरळ विचारावे. उत्तर मिळाले नाही तर सिलिकॉनवर किंवा इतर कृत्रिम घटकांवर चालणारे सीलंट घ्यावे. ते मेणापेक्षा जास्त महिने टिकतेही. माझे मत विचाराल तर घरच्या वापराला तेच बरे.

आपल्या समाजाचा या इतिहासाशी दुसऱ्या बाजूनेही संबंध आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबातल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे त्याच कंपनीची पद्मिनी आपल्या कितीतरी घरांपुढे उभी राहिली. कर्मादानांत साडीकम्मे, म्हणजे गाडे बनवण्याचा धंदाही आहे, हे मी विसरले नाही. त्यावर महाराजसाहेबांशी बोलावे, मी निवाडा देणार नाही.

त्या जुन्या गाड्यांना पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा. आता तसे होत नाही. १९८० च्या दशकापासून रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ झाली, आणि आपण मेण लावतो ते त्या थरावर. थर पातळ असतो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. सोसायटीत रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसून घेतो ना, त्यात धूळ त्याच थरावर घासली जाते. उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे त्यामुळेच. आधी धूळ हलकेच झाडावी, घासू नये. रजोहरण कसे फिरवतात ते आपण पाहिलेले आहे, हात तसाच हलका हवा. पक्ष्याची विष्ठा मात्र उद्यावर टाकू नये, तिच्यातले आम्ल थर खाते. ओले फडके ठेवून मऊ होऊ द्यावी, मग उचलावी.

फडक्याचा इतिहास तर थेट दंतवाणिज्याचा. गाडी कोरडी करायला पूर्वी ‘शॅमी’ लागे. मूळची ती आल्प्समधल्या शॅम्वा या रानबकऱ्याची कातडी, पुढे मेंढीच्या कातडीचा आतला पापुद्रा माशाच्या तेलात कमावून करू लागले. अजूनही ती मिळते, म्हणून दुकानात ‘कृत्रिम आहे ना’ हे विचारावे. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म तंतूंचे कापड तयार केले, आणि १९८० च्या दशकात त्या जातीची पुसायची फडकी आली. पॉलिएस्टर आणि नायलॉनचे चिरलेले तंतू धूळ आणि पाणी धरून ठेवतात. कातडीची गरजच उरली नाही.

फडकी आहेत प्लास्टिकचीच. धुताना त्यांचे तंतू सुटतात आणि पाण्यातल्या जीवांपर्यंत जातात. म्हणून ती वेगळी धुवावीत, गरम पाण्यात नाही, कंफर्टसारखे काही न घालता. चाकांना आणि खालच्या पट्टीला घरातले जुने सुती धोतर पुरते. पाणी गाळून दोन बादल्या घ्यावे, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडके खळबळायला. भांड्यांचा साबण नको, तो मेण उतरवतो. गाडी सावलीत आणि थंड असावी, धुणे टपापासून खाली. मध्यम गाडीला दोन बादल्या पुरतात, आणि मेण किंवा सीलंट वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्याआधी आणि एकदा पावसाळ्याआधी.