चुकलेला पत्ता आणि उदार टपालवाला : सेंडमेलचा इतिहास

#थ्रेड

१/८
३ मार्च २००३. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट समन्वय केंद्राने एक गंभीर इशारा प्रसिद्ध केला. मुद्दाम वेडावाकडा रचलेला पत्ता असलेले एकच ई-मेल पाठवून परक्या मेल सर्व्हरचा ताबा घेता येत होता. दोष ‘सेंडमेल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत होता. तिची पाळेमुळे मात्र एका सद्गुणात होती.

२/८
१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह ठेवले. पुढे युनिक्स यंत्रांचे, टेलिफोनच्या तारांवरून चालणारे यूयूसीपी हे निराळे जाळे उभे राहिले. तिथे पत्ता म्हणजे वाटेतल्या मुक्कामांची यादी असे आणि दोन मुक्कामांमध्ये उद्गारचिन्ह येई.

३/८
ही जाळी एकमेकांना जोडली गेली आणि पेच पडला. ‘क!ख@ग’ असा पत्ता आला, तर पत्र आधी ‘क’ यंत्राकडे धाडायचे की ‘ग’कडे? यूयूसीपीची रीत एक सांगे, अर्पानेटची दुसरी. एका जाळ्यात रूढ असलेला पत्ता दुसऱ्या जाळ्यात अशुद्ध ठरे.

४/८
बर्कली येथील एरिक ऑलमन यांनी यावर आधी ‘डिलिव्हरमेल’ आणि मग ‘सेंडमेल’ लिहिले. १९८३ मध्ये ते बीएसडी युनिक्सबरोबर बाहेर पडले. अनोळखी घडणीचा पत्ता ते सहसा परतवत नसे. नियमांच्या आधारे तो नव्याने लिहून योग्य जाळ्याकडे सोपवत असे.

५/८
ही वृत्ती त्या काळाची होती. पाठवताना काटेकोर असावे, स्वीकारताना उदार, हे तत्त्व जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्येच टीसीपीच्या दस्तऐवजात नोंदवले होते. जाळी नवी होती, वापरणारे थोडे आणि बहुतांशी परस्परांच्या परिचयाचे होते. पत्र पोहोचणे हेच सर्वांत मोलाचे होते.

६/८
जाळ्यात अनोळखी माणसे आली, तसे हे औदार्य महाग पडू लागले. ‘क%ख@ग’ असा पत्ता लिहिला की ‘ग’ सर्व्हर ते पत्र मुकाट्याने ‘ख’कडे पोहोचवी. जाहिरातबाजांनी परक्या सर्व्हरांना असे फुकटचे हमाल बनवले. अखेर १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीने परक्यांची टपाल-वाहतूक मुळातच बंद ठेवली.

७/८
२००३ चा दोष याहून खोल होता. पत्त्यात नाव, कंसातील टिपा आणि < > ही चिन्हे कशीही गुंफलेली असली, तरी सेंडमेल त्यांतून अर्थ लावू पाही. त्या चिन्हांचा हिशेब चुके आणि मजकूर नेमलेल्या जागेबाहेरच्या स्मृतीत सांडे. सेंडमेल बहुधा सर्वोच्च अधिकारांनिशी चाले, त्यामुळे एवढी फट पुरेशी होती. फायरवॉलचाही उपयोग नव्हता, कारण दाराशी येत होते ते साधे पत्रच.

८/८
आज सर्व्हर चुकीची घडण असलेला पत्ता दारातच ५०१ किंवा ५५३ हा संकेतांक देऊन नाकारतो. आत घेऊन मागाहून परतवले, तर ती परतपावती खोट्या प्रेषकाच्या जागी नाव वापरल्या गेलेल्या निरपराध माणसाला मिळते. दारातच नकार दिला, तर चूक ज्याची त्याला तत्काळ कळते. उदार टपालवाला पत्ता गुपचूप सुधारत होता, तेव्हा चूक करणाऱ्याला आपण चुकलो हे कधी उमगतच नव्हते.